बोडीवरचा चंद्र

पुस्तकाच्या प्रतींचं खोकं घरी आलं तेव्हा आधी पेढे आणावेत की आधी खोकं फोडावं, या विचारात मी पाच मिनिटं घालवली. शेवटी खोकं आधी फोडलं, आणि तिथेच चुकलं. पेढे आधी खाल्ले असते तर निदान तोंड तरी गोड झालं असतं.

अकरा वर्षं रखडत लिहिलेलं माझं पहिलं पुस्तक. साकोलीच्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवता शिकवता, सुट्ट्यांमध्ये आणि आजारपणाच्या रजांमध्ये लिहिलेल्या लहानपणच्या आठवणी. नव्या कागदाचा वास घेतला आणि मधलंच एक पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, ‘उन्हाळ्यात आमची बॉडी आटायची आणि तळाशी मासे तडफडायचे.’ मी चष्मा पुसला. पुढचं पान उलटलं. ‘बॉडीच्या पाळीवर आई लुगडी वाळत घालायची.’ त्याच्या पुढच्या पानावर, ‘पावसाने दगा दिला की बाबा बॉडी फोडायचे.’ मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच पाणी प्यायले.

माझा शब्द होता बोडी. आमच्या भंडाऱ्याकडे तलाव मोठा असतो, गावाचा असतो. बोडी लहान, एखाद्या घराची नाहीतर चार घरांची. शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवायचं, आणि धान ऐन निसवायला आलं असताना आभाळ कोरडं राहिलं की पाळ फोडून ते पाणी खालच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, सोडायचं. इथे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पुस्तकातही मी सांगितलं नव्हतं, कारण वाक्यं वाचली की कळतं असा माझा समज होता.

प्रकाशकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुद्रितशोधकांचा नंबर दिला. हे गृहस्थ निवृत्त, वयस्कर आणि अतिशय सज्जन निघाले. सज्जन माणसावर ओरडता येत नाही, हा वेगळाच वैताग असतो. त्यांनी आधी पुस्तकाचं कौतुक केलं, मग माझी तक्रार ऐकली, आणि मग अगदी मायेने म्हणाले, “बाई, तुमच्या भागातून येणाऱ्या हस्तलिखितांत चंद्र नेहमी राहून जातो. कोलेज, डोक्टर, होटेल. मला वाटलं, हेही त्यातलंच.”

म्हणजे मी पंचवीस वर्षं मराठी शिकवते, पण मला अर्धचंद्र देता येत नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि मला लाज वाटू नये म्हणून न बोलता स्वतःच दुरुस्त केलं. ‘ध’चा ‘मा’ करणारीने निदान वाईट हेतूने तरी केला होता. इथे हेतू शंभर नंबरी. शब्द कोशात पाहिला होता का, असं विचारलं. त्यांच्या टेबलावरच्या कोशात तो नव्हता, आणि नाही त्याअर्थी तो शब्दच नाही. एकही जागा सुटू नये म्हणून त्यांनी संगणकावर सगळीकडे एकदम बदल करून घेतला होता, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं.

आता माझंही सांगते, नाहीतर ते खोटेपणाचं होईल. शेवटचं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मोबाइलवर, मार्च महिन्यात, बारावीच्या पेपरांचे गठ्ठे घरात असताना. मी पहिली दोन प्रकरणं वाचली. ती चिखल्याच्या खाणीवरची, बाबा तिथे कामाला होते तेव्हाची, कॉलनीतल्या नळाची आणि लाल-काळ्या धुळीची. त्यांत बोडी येत नाही. बोडी येते आम्ही सानगडीला परत आल्यावर, तिसऱ्या प्रकरणात. दोन प्रकरणं स्वच्छ दिसली म्हणून मी ‘ठीक आहे’ असं कळवून टाकलं, वर हात जोडल्याचं चित्रही पाठवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुसऱ्या आवृत्तीत नक्की बदलू, असं प्रकाशक म्हणाले. दुसरी आवृत्ती कधी, तर पहिली संपल्यावर. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती कधी संपते, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मला पुस्तकाची इतकी चिंता नव्हती. बाबांची होती.

बाबा सानगडीला माझ्या भावाकडे राहतात. पंच्याऐंशी उलटलीत. मोतीबिंदू काढला, पण डोळ्याच्या पडद्याचंच बिघडलंय, त्यामुळे माणसं दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. आणि बोडी ही मुळात त्यांची. त्यांच्या वडिलांनी आणि मोहल्ल्यातल्या सहा-सात घरांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत ती खोदली. गावच्या तलावाचं पाणी आमच्या बांध्यांना सगळ्यांच्या शेवटी मिळायचं, म्हणजे बहुतेक वर्षी मिळायचंच नाही. दर वर्षी भांडत बसण्यापेक्षा आपलं आपण खोदू, असं ठरलं. बाबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. टोपल्यांनी माती वाहून त्यांच्या डोक्यावरचे केस विरळ झाले, असं आजी सांगायची. ती बोडी आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा तिच्यावर मुरूम पडला, आणि आज तिथून गाड्या जातात. पुस्तक छापलं जाणार असं मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, बोडी त्यात आहे ना. आहे म्हटल्यावर म्हणाले, “जागा गेली तं गेली. नाव तं पुस्तकात राह्यलं न.”

अशा माणसाला काय सांगायचं होतं मी? त्या रविवारी पुस्तक घेऊन गेले. त्यांनी हातात घेतलं, मुखपृष्ठावरून बोटं फिरवली, आणि वाच म्हणाले. मी वाचलं. जिथे जिथे ‘बॉडी’ छापलं होतं तिथे तिथे ‘बोडी’ वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मध्येच एकदा पाळीवरचं मोहाचं झाड कोणत्या बाजूला होतं ते दुरुस्त केलं. पुढच्या रविवारी पुन्हा वाचलं. पुढे तो नेमच झाला.

इकडे पुरस्कारांचा हंगाम सुरू झाला. बाहेरच्या माणसाला याची कल्पना नसते. मराठीत पुस्तकं किती वाचली जातात हा वादाचा विषय असेल, पण पुरस्कारांना तोटा नाही. कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कोणाच्या सासूच्या स्मरणार्थ, वाचनालयाच्या वाढदिवसानिमित्त. प्रत्येकाच्या आवाहनात तीच वाक्यं: चार प्रती पाठवा, प्रती परत मिळणार नाहीत, निर्णय अंतिम राहील. पोस्टातल्या बाईंना माझी इतकी ओळख झाली की त्या मला बघूनच चिकटपट्टी काढून ठेवत. मग निकाल. व्हॉट्सअॅपवर लेखकांच्या तीन समूहांत मला कोणी न विचारता घातलं होतं. तिथे सकाळपासून हार्दिक अभिनंदनाचे गुच्छ पडायचे. ज्याला पुरस्कार मिळाला तो विनम्रपणे आभार मानायचा, आणि ज्याला नाही मिळाला तो दुपारी ‘पुरस्कारांचं राजकारण’ या विषयावर लेख टाकायचा. पुढच्या महिन्यात दोघांच्या जागा बदलायच्या.

मी या दोन्हींत नव्हते म्हणून सुखी होते. मग एका रविवारच्या पुरवणीत परीक्षण आलं.

परीक्षण लिहिणाऱ्या विदुषींनी पुस्तक मनापासून वाचलं होतं, हे मला मान्य केलं पाहिजे. म्हणून तर पंचाईत झाली. त्यांनी लिहिलं होतं की लेखिकेने आपल्या आणि आपल्याकडच्या बायकांच्या शरीराकडे जलाशय म्हणून पाहिलं आहे. हे शरीर पावसात भरतं, उन्हाळ्यात आटतं, पुरुष ते गरजेप्रमाणे फोडतात. ‘बॉडी’ हा परका शब्द मुद्दाम वापरून लेखिका देहापासूनचं आपलं तुटलेपण सूचित करते. आई पाळीवर लुगडी वाळत घालते या साध्या वाक्यावर पूर्ण एक परिच्छेद होता. मी तो परिच्छेद वाचला आणि मला कळेना, हसावं की डोकं आपटावं. माझ्या आईने आयुष्यात ओली लुगडी वाळवण्यापलीकडे त्या पाळीवर काही केलं नव्हतं.

डिसेंबर आला तसे ‘सरत्या वर्षातली पुस्तकं’ असे लेख येऊ लागले. एकाने दुसऱ्याचं वाचून लिहायचं ही जुनीच रीत. दोन-तीन ठिकाणी माझं नाव आलं, आणि प्रत्येक ठिकाणी ‘देहाच्या प्रतिमे’सकट आलं. मी प्रकाशकांना म्हटलं, एक खुलासा तरी छापून आणू. ते म्हणाले, मॅडम, जरा थांबा, आताच नको. त्यांचा आवाज इतका गोड झाला होता की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

जानेवारीत फोन आला. पुण्यातल्या एका जुन्या संस्थेचा पुरस्कार. ज्याचं नाव ऐकून आमच्या कॉलेजचे प्राचार्य खुर्चीतून उठले, तसा. मी प्रकाशकांना सांगितलं की मी तिथे उभी राहून खरं काय ते सांगणार. त्यांनी मला अर्धा तास समजावलं. परीक्षक मोठी माणसं आहेत, भर सभेत त्यांची शोभा होईल, पुन्हा तुमच्या भागातल्या लेखकाकडे कोणी बघणार नाही. हे शेवटचं मला लागलं. पण खरं सांगायचं तर त्याची गरज नव्हती. मला तो पुरस्कार हवा होता. अकरा वर्षं लिहिलेल्या बाईला कोणी शाल पांघरत असेल तर ती शाल कुठल्या शब्दाबद्दल आहे हे ती फार खोदून विचारत नाही.

समारंभात मानपत्र वाचलं गेलं. देह आणि पाणी, पाणी आणि देह, असं बराच वेळ चाललं. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला असावा. नागपूरपासून रेल्वेत एक वाक्य पाठ करत आले होते: ‘हा शब्द बॉडी नसून बोडी आहे.’ सहा शब्द, एका दमात होणारे. माझी पाळी आली, माइक उंच होता, कोणीतरी तो खाली केला, आणि मी सगळ्यांचे आभार मानून खाली बसले. जेवताना एका परीक्षकांनी विचारलं की ही प्रतिमा सुचली कशी. मी म्हटलं, लहानपणापासून होती. यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मला माझी जास्त किळस आली.

पुण्याचा पुरस्कार मिळाल्यावर सानगडी मागे कशी राहील. विहाराच्या सभागृहात सत्कार ठरला. मी नको म्हणून पाहिलं, आजारपणाचं निमित्त काढलं, पण भावाने मंडपवाल्याला सांगूनही टाकलं होतं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी मला चौथीत शिकवलं, त्यांनी पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायचं ठरवलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात, छापलं होतं तसंच्या तसं वाचलं: ‘आजोबांनी आणि मोहल्ल्यातल्या घरांनी दोन उन्हाळे खपून ही बॉडी खोदली.’

आमच्याकडे बॉडी म्हणजे प्रेत. पोलीस बॉडी घेऊन गेले, बॉडी अजून दवाखान्यातून आली नाही, असंच बोलतात. बायकांच्या बाजूला बसलेली एक म्हातारी शेजारणीला मोठ्याने विचारती झाली, “कोनाची बॉडी निंगाली वं?” सभागृह हसलं. मुख्याध्यापक गोंधळले, त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा तेच वाचलं, आणि लोक पुन्हा हसले. मी बाबांकडे बघितलं. ते हसत नव्हते. मान थोडी वाकडी करून, ऐकू आलेलं नीट लावून पाहत असल्यासारखे बसले होते.

घरी आल्यावर त्यांनी चहा होऊ दिला. मग मला समोर बसवून तेच पान काढायला सांगितलं, आणि म्हणाले, जे लिहिलंय तेच वाच. मी वाचलं. एक वाक्य झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला मी पुस्तक मिटलं.

“मंग तू मले वर्षभर काय वाचून राहिली होती?”

मी सगळं सांगितलं. प्रूफ, मुद्रितशोधक, चंद्र, परीक्षण, पुण्याची सभा. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर बाबा म्हणाले, “छापनाऱ्याले काय मालूम, तो दूरचा मानूस. तुले तं मालूम होतं, बाई. तू काहून चूप राह्यली?”

पुरस्कार हवा होता म्हणून, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. पण त्यांना ते कळलं असावं, कारण पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी पुस्तक मागितलं नाही. त्यानंतरच्याही रविवारी नाही. आम्ही गुडघ्यांबद्दल, लाइट बिलाबद्दल, शेजाऱ्यांच्या लग्नाबद्दल बोललो. एवढं वाईट मला त्या सभागृहातल्या हसण्यानेही वाटलं नव्हतं.

मी दोन पत्रं लिहिली. एक संस्थेला, एक प्रकाशकांना. बोडी म्हणजे काय, ती कोणी खोदली, का खोदली, आता कुठे आहे, सगळं दोन-दोन पानं भरून. संस्थेचं उत्तर तत्परतेने आलं. लेखकाचा हेतू काहीही असो, वाचकाने लावलेला अर्थ स्वतंत्र असतो. सबब निर्णय कायम आहे. आवाहनात लिहिलंच होतं म्हणा, निर्णय अंतिम राहील. त्यांच्यापुढे माझी मात्रा चालली नाही.

प्रकाशकांनी मात्र आनंदाची बातमी दिली. पुरस्कारामुळे पहिली आवृत्ती संपत आली होती, दुसरी छापायला चालली होती, आणि माझ्या पत्राची दखल घेतली होती. या वेळी प्रूफ नीट बघायचं म्हणून मी रजा टाकली. प्रूफ आलंच नाही, एकदम पुस्तकं आली. मुखपृष्ठावर ‘पुरस्कारप्राप्त’ असा सोनेरी शिक्का. आत सगळीकडे बॉडी तशीच. पुरस्कार मिळालेली संहिता बदलणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण माझ्या समाधानासाठी त्यांनी तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर तळटीप दिली होती: ‘बॉडी : भंडारा भागात शेतातल्या लहान तळ्याला म्हणतात.’

मी ती तळटीप किती वेळा वाचली सांगता येत नाही. आधी निदान चूक होती. आता तिला माझ्याच पत्राचा आधार होता.

मग ऑगस्टमधली चाचणी परीक्षा. अकरावीला ‘माझं गाव’ हा निबंध दिला होता. पेपर तपासताना एका ठिकाणी हात सवयीने थांबला, लाल गोल झाला, आणि शुद्धलेखनाचा अर्धा मार्क कापला गेला. पुढच्या ओळीवर गेल्यावर मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं. पेपर अड्याळकडच्या मुलीचा होता. इथे मामाकडे राहून शिकते, वर्गात फार बोलत नाही, पण लिहिते छान. तिने लिहिलं होतं, ‘आमच्या घरामागे बॉडी आहे. पहाटे बॉडीवर पांढरे बगळे येतात.’ तिच्या घरामागे अजून बोडी आहे. ती रोज बघून मोठी झालेली पोरगी.

पेपर दिले तेव्हा तिला थांबवून घेतलं. घरी काय म्हणतात, विचारलं. बोडी म्हणतात, म्हणाली. मग असं काहून लिहिलंस? तिने आधी माझ्याकडे आणि मग जमिनीकडे पाहिलं. कॉलेजच्या वाचनालयातून तिने माझं पुस्तक नेलं होतं. “तुमच्या पुस्तकात तसंच हाये न, मॅडम. खाली अर्थही देल्ला हाये. मले वाटलं, आमच्याच घरी चुकीचं म्हन्तेत.”

मी खुर्चीत बसले. तिला म्हटलं, तुझ्या घरचं बरोबर आहे, पुस्तकातलं चूक आहे, तो चंद्र माझा नाही. जे पुण्याच्या माइकवर जमलं नव्हतं ते रिकाम्या वर्गात एका पोरीसमोर जमलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग पेपर माझ्यापुढे केला, लाल गोलावर बोट ठेवलं आणि अगदी सरळ विचारलं, “त्याच चुकीले तुमाले बक्षीस भेटलं, मंग माहा अर्धा मार्क काहून कापला?”

उद्या बघू, असं काहीतरी म्हणून मी तिला पाठवून दिलं. संध्याकाळची बस धरून सानगडीला गेले. रविवार नव्हता, त्यामुळे बाबांना आश्चर्य वाटलं. मी त्यांना निबंध सांगितला, बगळे सांगितले, आणि पोरीने विचारलेलं जसंच्या तसं सांगितलं. काय करू, म्हटलं.

विचार करायला त्यांना वेळ लागला नाही.

“तिचा देऊन टाक,” ते म्हणाले. “तुहा काप.”